जामीन राहावं की नाही? पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उपासना संपल्यावर चर्चच्या अंगणात पैशांच्या गोष्टी निघाल्या, की जामिनाचा विषय हमखास येतो. कुणाच्या मेव्हण्याला टेम्पो घ्यायचा असतो, कुणाच्या भाच्याला फ्लॅट. पतसंस्थेला दोन जामीनदार हवे असतात आणि "फक्त एक सही" म्हणत फॉर्म पुढे येतो. इथे मुख्यतः बायबल काय म्हणतं ते सांगितलं आहे. आजच्या कायद्याशी जिथे गाठ पडते तिथे कायदाही आला आहे, पण तुमच्या कागदांवरचा सल्ला वकिलाकडूनच घ्या.

बायबलमध्ये जामीन राहायला मनाई आहे का?

नाही. दहा आज्ञांत ती नाही आणि मोशेच्या नियमशास्त्रात जामिनाचा वेगळा नियमही नाही. जे आहे ते मुख्यतः नीतिसूत्रांत, म्हणजे जुन्या करारातल्या सुवचनांच्या पुस्तकात, आहे, आणि तिथला सूर आज्ञेचा नाही. बापाने मुलाला जवळ बसवून खडसावावं तसा तो आहे. त्यामुळे जामीन राहिलेल्याला पापी म्हणता येत नाही. अविचारी म्हणता येतं, आणि नीतिसूत्रे ते अगदी तोंडावर म्हणतात.

ही वचनं नेमकी कुठे आहेत?

सर्वांत मोठा उतारा नीतिसूत्रे ६:१–५. बाकीची सुटी वचनं ११:१५, १७:१८, २०:१६, २२:२६–२७ आणि २७:१३ इथे सापडतील. यांतली २०:१६ आणि २७:१३ जवळजवळ शब्दशः सारखी आहेत. २५व्या अध्यायाच्या सुरुवातीला सांगितलं आहे, की पुढची सूत्रं यहूदाचा राजा हिज्किया याच्या माणसांनी उतरवून काढली. म्हणजे एकच वचन दोन वेगळ्या संग्रहांत शिरलं. लोकांच्या तोंडी ते चांगलंच रुळलेलं असणार.

वाचताना १७:१८ एकटं वाचू नका. त्याच्या आधीचं वचन म्हणतं, की मित्र सर्व काळ प्रेम करतो आणि संकटासाठीच भाऊ जन्माला येतो. त्याला लागूनच पुढचं वचन: शेजाऱ्याच्या देखत हातावर हात मारून जामीन होणारा अक्कलशून्य. ज्या कुणी ही दोन वचनं शेजारी ठेवली, त्याला "मग मित्र कसला?" हा आपला नेहमीचा प्रश्न ठाऊक होता.

एवढा कडक सूर कशासाठी? त्या काळी जामीनदाराचं व्हायचं काय?

बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरली की सौदा पक्का, तसा त्या काळी साक्षीदारांपुढे हातावर हात मारला की जामीन पक्का. नीतिसूत्रांत कागदाचं नाव नाही. मुलाला बाप म्हणतो ते "तू आपल्याच तोंडच्या शब्दांनी सापळ्यात सापडलास" असं.

कर्ज थकलं की आधी अंगावरचं वस्त्र, मग शेत, घर, आणि शेवटी माणसं जायची. २ राजे ४ मध्ये एका विधवेचे दोन मुलगे गुलाम म्हणून न्यायला सावकार दारात आला आहे. नहेम्या ५ मध्ये यरुशलेमेचे लोक ओरडत आहेत, की दुष्काळात धान्यासाठी शेतं, द्राक्षमळे आणि घरं गहाण पडली, राजाचा कर भरायला पैसे काढले, आता पोटच्या मुली दासी होत आहेत. आणि तिथला सुभेदार नहेम्या कबूल करतो, की मी आणि माझ्या भाऊबंदांनीही यांना उसने दिले आहेत. शास्त्रातला हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो.

गरीब कर्जदारासाठी नियमशास्त्रात दयेची कलमं आहेत. गहाण घेतलेलं पांघरूण सूर्य मावळायच्या आत परत कर (निर्गम २२:२६). जातं किंवा त्याची वरची तळी गहाण घेऊ नकोस, ते त्याचं पोट आहे (अनुवाद २४:६). गहाण घ्यायला त्याच्या घरात शिरू नकोस, बाहेर उभा राहा (२४:१०–११). आणि हा विषय केवळ पोथीतला नव्हता. १९६० साली भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याजवळ, मेसाद हशव्याहू या ठिकाणी, शाईने लिहिलेलं एक खापर सापडलं. ते इ.स.पू. ७व्या शतकाच्या अखेरचं आहे. कापणीच्या कामावरचा एक मजूर त्यात अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणं करतो: माझं वस्त्र काढून नेलं, ते परत मिळवून द्या.

आता याच्या शेजारी नीतिसूत्रे २०:१६ ठेवा. ते सावकाराला सांगतं, की परक्याला जामीन राहिलेल्याचं वस्त्र खुशाल घे. आणि २२:२७ विचारतं: फेडायला काही नसेल, तर तुझ्या अंगाखालचं अंथरूण काढून नेण्याची वेळ का आणावी? कर्जदाराला जी दया आहे ती इथे दिसत नाही. मला याचा अर्थ असा लागतो, की कर्जदार भुकेने दारात आला होता, जामीनदार मात्र आपल्या पायांनी चालत आत गेला.

जाता जाता: आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये जप्तीतून वगळलेल्या वस्तू दिल्या आहेत. आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं. जात्याची तळी सोडून द्या म्हणणाऱ्याला ही यादी ओळखीची वाटली असती. जामीनदाराचं अंथरूण आज कुणी नेत नाही. शहरातला फ्लॅट मात्र जाऊ शकतो.

येशूने तर "जो मागेल त्याला दे" म्हटलं. मग नाही कसं म्हणायचं?

सगळ्यांत जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा सावकाश.

मत्तय ५:४२ आणि लूक ६:३४–३५ देण्याबद्दल आणि उसनं देण्याबद्दल बोलतात. परत मिळण्याची आशा न धरता द्या, असं. खुद्द नीतिसूत्रेही देण्याच्या बाबतीत मोकळ्या हाताची आहेत. गरिबावर दया करणारा परमेश्वरालाच उसनं देतो (१९:१७). जवळ असताना शेजाऱ्याला "उद्या ये" म्हणू नकोस (३:२८). आणि तोच ग्रंथ जामिनाला सहा वेळा नाही म्हणतो. दोन्हींत विरोध नाही, कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तुम्ही भावाला पन्नास हजार दिलेत, तर गेलेच तर पन्नास हजार जातील. ते आज तुमच्याकडे आहेत, किती द्यायचे ते तुम्ही ठरवलं, आणि रात्री झोप येईल की नाही हेही तुम्हाला माहीत आहे. त्याच भावाच्या दहा लाखांवर सही केलीत, तर आज खिशातून एक रुपया जात नाही. पण तो कधी थकवणार, किती थकवणार, व्याज कुठवर चढणार आणि वसुलीची नोटीस मुलीच्या लग्नाच्या महिन्यात येणार की नंतर, हे सगळं दुसऱ्याच्या हातात गेलं. देणाऱ्याजवळ असतं ते तो देतो. जामीन राहणारा जवळ नसलेलं देऊ करतो, आणि वर उदार दिसतो.

म्हणून सही मागणाऱ्याला माझं पहिलं उत्तर असतं: सही नको, तुला किती कमी पडतात ते सांग. त्यातले जमतील तेवढे द्यावे आणि विसरावे. यात मागणाऱ्याचा हिरमोड होतो, हे खरं आहे. त्याला पाच हजार नको असतात, पाच लाखांची पत हवी असते.

पण यहूदा बन्यामिनाला जामीन राहिलाच की!

राहिला, आणि शास्त्रात त्याची निंदा नाही, उलट तिथूनच त्याचं मोठेपण सुरू होतं. पण ती गोष्ट आधीपासून वाचा. दुष्काळात धान्यासाठी धाकट्या बन्यामिनाला मिसरला न्यायचं असतं, तेव्हा उत्पत्ति ४२:३७ मध्ये याकोबाचा थोरला मुलगा रऊबेन बापाला म्हणतो, की मी बन्यामिनाला परत आणलं नाही तर माझे दोन मुलगे मारून टाका. याकोब ऐकत नाही. नातवांना मारून कुठल्या आजोबाची भरपाई होणार? पुढे ४३:९ मध्ये यहूदा म्हणतो, त्याला मी जामीन, त्याला माझ्या हातून मागून घ्या, दोष जन्मभर माझ्यावर. आता याकोब पाठवतो.

रऊबेनाने गहाण ठेवली ती दुसऱ्यांची आयुष्यं. यहूदाने स्वतःला ठेवलं. बायकोला न विचारता तिच्याही नावावरच्या घराच्या जोरावर सही करणारे पुरुष आपल्यात कमी नाहीत. ते स्वतःला यहूदा समजतात, पण वागतात रऊबेनासारखे.

दुसरं म्हणजे वेळ आली तेव्हा यहूदाने शब्द पाळला. चांदीचा प्याला बन्यामिनाच्या गोणीत सापडला, तेव्हा तो मिसरच्या अधिकाऱ्यापुढे उभा राहून म्हणाला, की याच्याऐवजी मला गुलाम ठेवा (४४:३३). सहीच्या वेळी धीर सगळ्यांनाच असतो. फॉर्म पुढे आला की हा ४४वा अध्याय आठवावा: याच्या जागी मी जाईन का? नुसतं "तो फेडेलच" असं वाटणं पुरत नाही.

पौलाने अनेसिमाची हमी घेतली, चांगल्या शोमरोन्याने खाणावळवाल्याला शब्द दिला. ते काय?

दोन्ही हमीच आहेत. फिलेमोनाला पौल लिहितो, की तुझा दास अनेसिम याचं काही देणं असेल तर ते माझ्या खात्यावर मांड, मी पौल स्वतःच्या हाताने लिहितो, मी फेडीन. तेव्हा तो स्वतः बंदिवासात होता. पण ते नुकसान, असलंच तर, होऊन गेलेलं होतं. अनेसिम उद्या काय धंदा करील आणि त्यात किती बुडवील, याचा भार पौलाने घेतला नाही.

शोमरोन्याने (लूक १०:३५) वाटेत सापडलेल्या जखमी माणसासाठी आधी दोन दीनार, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, रोख मोजली, आणि वरचा खर्च परत येताना देईन म्हणाला. रक्कम मोकळी सोडली हे खरं, पण खर्च होता तो जखमी माणसाच्या देखभालीचा आणि फेडणारा तोच होता. मागे कुणी कर्जदार नव्हता.

इब्री ७:२२ मध्ये येशूला जामीन म्हटलं आहे. मग ख्रिस्ती माणसाने का राहू नये?

ईयोब (१७:३), स्तोत्रकर्ता (११९:१२२) आणि आजारी हिज्किया (यशया ३८:१४) देवालाच विनवतात, की तूच मला जामीन हो. इब्री पत्रातलं वचन त्याच ओळीतलं आहे. तिथे जामीन राहणाऱ्याला देणं पूर्ण ठाऊक आहे आणि फेडायचं सामर्थ्यही आहे. आपल्याला सहसा दोन्ही नसतं. स्कूटरच्या कर्जावर सही मिळवायला हे वचन वापरणाऱ्यापासून चार हात लांब राहावं.

वचनांत "परका" म्हटलं आहे. सख्ख्या भावाला राहिलं तर चालेल ना?

६:१ मध्ये शेजारी आणि परका दोघेही आहेत, १७:१८ मध्ये शेजाऱ्याच्या देखत दिलेला जामीन आहे, आणि २२:२६ मध्ये कुणाचंच नाव न घेता "कर्जाला जामीन होणारे" एवढंच म्हटलं आहे. नात्याने धोका कमी होत नाही. अनुभव उलटच सांगतो: परक्याने बुडवलं तर पैसे जातात, भावाने बुडवलं तर दिवाळी आणि नाताळही जातो.

कॅथलिक बायबलमध्ये याबद्दल जास्त काही आहे, असं ऐकलं.

आहे, आणि ते वाचण्यासारखं आहे. बेन सिरा याने इ.स.पू. २ऱ्या शतकाच्या आरंभी लिहिलेला ग्रंथ वसई-गोव्याच्या कॅथलिकांच्या बायबलमध्ये असतो. अहिल्यानगरकडच्या (पूर्वीचं अहमदनगर) प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या ६६ पुस्तकांत तो नाही. त्याच्या २९व्या अध्यायात चित्राची दुसरी बाजू येते. भला माणूस शेजाऱ्याला जामीन राहतो, असं तो आधी म्हणतो. जामीनदाराचे उपकार विसरू नकोस, त्याने तुझ्यासाठी आपला जीव पणाला लावला आहे, असं मग कर्जदाराला बजावतो. त्यानंतर सांगतो, की जामिनाने कित्येक सुस्थितीतली माणसं समुद्राच्या लाटेसारखी उधळून लावली. शेवटी: ऐपतीप्रमाणे शेजाऱ्याला मदत कर, पण स्वतः पडू नकोस, सांभाळ. आणि ८:१३ तर थेट हिशोबाचं आहे. ऐपतीबाहेर जामीन होऊ नकोस. झालासच तर ते देणं आपलंच समज.

मला विचाराल तर नीतिसूत्रांपेक्षा बेन सिरा जास्त जग पाहिलेला वाटतो. नीतिसूत्रांना तरुण मुलाला वाचवायचं आहे. बेन सिराला ठाऊक आहे, की कुणीच जामीन राहिलं नाही तर गरिबाला कर्जच मिळत नाही.

ही भीती फक्त बायबलमध्येच आहे का?

छे. डेल्फीच्या अपोलोच्या देवळावरची "स्वतःला ओळख" आणि "कशाचाही अतिरेक नको" ही वचनं सगळ्यांना ठाऊक असतात. त्यांच्या जोडीचं तिसरं जामिनाबद्दलच होतं: जामीन राहा, की अनर्थ आलाच.

बँक आधी कर्जदाराकडेच जाईल ना? मी तर नुसता जामीनदार.

हा "नुसता" महाग पडतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसुलीचे सगळे उपाय करून बघा आणि मग माझ्याकडे या, असं जामीनदाराला म्हणता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने बँक ऑफ बिहारच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे. बँकांना कोर्टात न जाता तारण विकून वसुली करू देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्यात "कर्जदार" या व्याख्येतच जामीनदार येतो. सहकारी पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुली दाखला घेते आणि त्यात जामीनदारांचीही नावं असतात. पगारदार जामीनदार वसुली अधिकाऱ्याला जास्त सोयीचा. कर्जदाराचा धंदा बसलेला असतो, जामीनदाराचा पगार दर महिन्याला होतच असतो.

शिवाय तुमच्या सिबिल अहवालात ते कर्ज दिसतं. उद्या तुम्हालाच घरकर्ज हवं असेल, तर तेव्हा ते आडवं येऊ शकतं.

सेवक पतसंस्थेत आम्ही एकमेकांनाच जामीन राहतो. त्याला पर्याय काय?

फारसा नाही. एकमेकांच्या ओळखीवरच ही व्यवस्था उभी आहे आणि सावकाराच्या दारातून तिने पुष्कळांना सोडवलं आहे, हे विसरून चालणार नाही. एवढंच पाहा: एका वेळी किती जणांना जामीन आहात, याची नोंद तुमच्याकडे आहे का? बऱ्याच जणांकडे नसते. साटंलोटं म्हणून सही करताना रक्कमही वाचलेली नसते. ज्याचा पगार तुम्हाला माहीत आहे, ज्याचे आधीचे हप्ते माहीत आहेत आणि ज्याची कपात थेट पगारातून होते, त्याला राहणं वेगळं. फॉर्मवर रकमेची जागा कोरी असेल तर पेन खिशात ठेवा.

मी सही करून बसलो आहे. आता?

नीतिसूत्रे ६:३–५ तुमच्यासाठीच आहे. जा, नमतं घे, शेजाऱ्याच्या पाठीस लाग, डोळ्याला डोळा लागू देऊ नकोस, शिकाऱ्याच्या हातून हरणी सुटते तसा सुटून जा. मान खाली घालायला सांगणारा हा सल्ला मराठी माणसाला जड जातो, विशेषतः धाकट्या मेव्हण्यापुढे. पण बाप मुलाला अब्रू राखायला सांगत नाही, सुटायला सांगतो.

आजच्या भाषेत सांगायचं तर पहिल्यांदा कर्जदाराकडे जा आणि किती हप्ते थकले ते त्याच्या पासबुकावरून बघा, त्याच्या तोंडून नको. मग बँकेत जाऊन कर्जखात्याचा उतारा आणि तुम्ही सही केलेल्या हमीपत्राची प्रत मागा. दुसरा जामीनदार किंवा तारण देऊन तुम्हाला मोकळं करता येईल का ते विचारा. बँक मान्य करीलच असं नाही, पण खातं नियमित असताना विचारलं तर आशा असते. हमी कॅश क्रेडिटसारख्या फिरत्या खात्याची असेल, तर करार अधिनियमाच्या कलम १३० प्रमाणे पुढच्या व्यवहारांपुरती ती लेखी नोटिशीने काढून घेता येते. दिलेल्या मुदत कर्जाला याचा सहसा उपयोग नाही.

तुमच्या संमतीशिवाय कर्जाच्या अटी बदलल्या, तर त्या बदलानंतरच्या व्यवहारांतून जामीनदार सुटतो, असं कलम १३३ म्हणतं. मात्र बँकांच्या छापील हमीपत्रात असे हक्क बहुतेक वेळा आधीच सोडून दिलेले असतात, म्हणून ती बारीक अक्षरं वाचा.

शेवटी मीच फेडलं. कर्जदाराकडून मागणं ख्रिस्ती माणसाला शोभतं का?

शोभतं. कायद्याने (कलम १४० आणि १४५) फेडणाऱ्या जामीनदाराला सावकाराचे हक्क मिळतात आणि कर्जदाराने त्याची भरपाई करायची असते. दोन जामीनदार असतील तर भार सारखा वाटला जातो (कलम १४६). स्तोत्र ३७:२१ उसनं घेऊन न फेडणाऱ्याला दुष्ट म्हणतं. रोज प्रार्थनेत आपण म्हणतो, जसं आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडलं आहे. तेव्हा सोडायचं असेल तर सोडा, पण सोडणं तुमच्या हातात आहे. कर्जदाराने "आपण दोघं विश्वासी" म्हणून ते गृहीत धरू नये, आणि पाळकांनी त्याच्या वतीने रदबदली करताना आधी त्याला बेन सिरा वाचून दाखवावा, मंडळी कुठलीही असो.

कोर्टातल्या जामिनालाही हीच वचनं लागू होतात का?

थेट नाही, ती कर्जाबद्दल आहेत. थेस्सलनीकात पौलाला घरात ठेवणारा यासोन आणि इतरांकडून जामीन घेऊनच नगराधिकाऱ्यांनी त्यांना सोडलं होतं (प्रेषितांची कृत्ये १७:९), आणि लूक ते नुसतं नोंदवतो, टीका करत नाही. माणूस तारखेला हजर राहील का, एवढाच तिथे प्रश्न असतो.

वडील जामीनदार होते. ते वारले. आता ते देणं आम्हा मुलांवर येतं का?

झालेल्या कर्जापुरती त्यांची जबाबदारी त्यांच्या मिळकतीवर राहते. वारसांना जेवढं मिळालं तेवढ्यापुरतंच त्यांच्याकडून मागता येतं, मुलांच्या स्वतःच्या कमाईला हात लावता येत नाही. फिरत्या खात्याची हमी असेल, तर मृत्यूनंतरच्या नव्या व्यवहारांना ती लागू होत नाही (कलम १३१), हमीपत्रात वेगळं लिहिलेलं नसेल तर. बँकेच्या माणसाने घाईघाईने नवं हमीपत्र पुढे केलं, तर त्यावर सही करू नका. सही केलीत तर ते देणं तुमचं स्वतःचं होईल.

२ राजे ४ मधल्या त्या विधवेच्या मुलांना हे संरक्षण नव्हतं. तिच्या नवऱ्याचं देणं थेट त्यांच्या अंगावर आलं. अलीशा संदेष्ट्याने तिला शेजारणींकडून रिकामी भांडी मागून आणायला सांगितली, घरातल्या एका कुपीतल्या तेलाने ती भरली, आणि मग म्हणाला, तेल विक, देणं फेड, उरेल त्यावर तू आणि तुझी मुलं जगा. तुमच्या बाबतीत मृत्यूचा दाखला, हमीपत्राची प्रत आणि वारसा हक्काने काय मिळालं त्याची यादी एवढं घेऊन आधी वकिलाकडे जा, बँकेत त्यानंतर.